यंत्र आपले, चावी परक्याकडे

प्रसंग कोणत्याही तालुक्याच्या गावी घडावा असा आहे. मार्चअखेरचे दिवस आहेत. माध्यमिक शाळेच्या कार्यालयात वेतनदेयके आणि निकालपत्रके यांची घाई चालू आहे, आणि विजेचा दाब एकाएकी वाढल्यामुळे लेखनिकाच्या टेबलावरचा संगणक बंद पडतो. दुरुस्तीवाला येतो, पेटी उघडतो आणि सांगतो की मदरबोर्ड गेला, पण डिस्क शाबूत आहे. सर्वांना हायसे वाटते. डिस्क शाबूत म्हणजे गेल्या सात-आठ वर्षांचे दप्तर शाबूत. दुसरा संगणक आणावा, त्यात ही डिस्क बसवावी आणि काम पुढे चालू करावे, असे मुख्याध्यापकांना वाटते. तसे वाटण्यात गैर काहीच नाही. कपाट मोडले तर आतल्या फायली दुसऱ्या कपाटात ठेवायच्या, ही कारभाराची जुनी आणि साधी रीत आहे.

डिस्क नव्या पेटीत बसते, स्क्रू आवळले जातात, वीज चालू होते. यानंतर काय होईल हे मात्र खात्रीने सांगता येत नाही. कदाचित सारे सुरळीत चालेल. कदाचित पडदा निळा होईल आणि आरंभासाठी लागणारे उपकरणच सापडत नाही असा संदेश त्यावर येईल. कदाचित संगणक चालू होईल, पण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पुसट अक्षरांत विंडोज सक्रिय करण्याची सूचना कायमची येऊन बसेल. आणि डिस्क अलीकडच्या काळातली असेल तर पडद्यावर एक चौकट येईल व ती ४८ अंकांची एक संख्या मागेल, जी संख्या आपल्यापाशी आहे हे त्या कार्यालयात कोणालाही ठाऊक नसते. अशा वेळी दुरुस्तीवाला खांदे उडवून जे वाक्य बोलतो ते महाराष्ट्रातील प्रत्येक संगणकधारकाने एकदा तरी ऐकले असेल : ‘‘फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो.’’ फॉरमॅट मारणे म्हणजे दप्तर जाळून कपाट स्वच्छ करणे, हे तो सांगत नाही. पुष्कळदा त्यालाही ते एवढे गंभीर वाटत नाही.

वरवर पाहता हा प्रश्न दुरुस्तीच्या दुकानातला आहे. वस्तुतः तो मालकीचा आहे, ग्राहकाच्या हक्काचा आहे आणि काही अंशी सार्वजनिक धोरणाचाही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार काढून घेतल्यापासून तर जुना संगणक सोडून नव्याकडे जाण्याची वेळ असंख्य घरांवर, शाळांवर आणि कचेऱ्यांवर एकाच वेळी आली आहे. म्हणून या विषयाची चर्चा केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

प्रथम यांत्रिक बाजू पाहू, कारण तेथे बरेच गैरसमज आहेत. कार्यप्रणाली ही एखाद्या पेढीवरच्या जुन्या मुनिमासारखी असते. कोणती किल्ली कोणत्या कुलुपाची, कोणत्या खणात कोणती वही, हे त्याने त्या पेढीपुरते पाठ केलेले असते. त्याला रात्रीतून उचलून दुसऱ्या पेढीवर बसवले तर तो गोंधळतो. विंडोज एक्सपीच्या काळात हा गोंधळ फार मोठा असे. संगणक सुरू होताना डिस्क वाचण्यासाठी ज्या नियंत्रकाशी बोलावे लागते त्याचा ड्रायव्हर जुन्या मदरबोर्डाप्रमाणे ठरलेला असे. नवा नियंत्रक वेगळ्या जातीचा निघाला की कार्यप्रणालीला ती ज्या डिस्कवर स्वतः बसली आहे तीच दिसत नसे. निळ्या पडद्याचे हे कारण. त्या काळी नव्या पेटीत नव्याने विंडोज टाकण्यावाचून सामान्य माणसाला खरोखरच पर्याय नव्हता.

ही अडचण आज बरीच ओसरली आहे. विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्या नव्या पेटीत गेल्यावर भोवतालची उपकरणे नव्याने ओळखतात, एक-दोन वेळा बंद-चालू होतात आणि बहुधा मार्गी लागतात. एक खाचखळगा अजून शिल्लक आहे. जुने संगणक बायोस पद्धतीने सुरू होत आणि त्यांच्या डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असे. नवे संगणक यूईएफआय पद्धतीने सुरू होतात आणि त्यांना जीपीटी विभागणी हवी असते. जुनी डिस्क नव्या पेटीत दिसते पण तिच्यावरून संगणक सुरू होत नाही, असे घडते ते बहुधा यामुळे. डिस्क बिघडलेली नसते आणि तीवरचे दप्तर गेलेले नसते. दुसऱ्या चालू संगणकाला ती बाहेरून जोडली की फायली उतरवून घेता येतात. ‘फॉरमॅट’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी एवढे तरी करावे, असा आग्रह प्रत्येक ग्राहकाने धरला पाहिजे.

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या बाबतीत ही स्थित्यंतरे पूर्वीपासूनच सोपी होती. तिच्या गाभ्यातच बहुसंख्य उपकरणांचे ड्रायव्हर असतात आणि ती दर वेळी सुरू होताना भोवतालचे यंत्र नव्याने न्याहाळते. म्हणून एका पेटीतली लिनक्सची डिस्क दुसरीत घातली की बहुतेक वेळा ती निमूटपणे चालू लागते. याचा अर्थ असा की डिस्क हलवली म्हणजे कार्यप्रणाली नव्याने टाकावीच लागते, हा काही निसर्गनियम नव्हे. यांत्रिक अडथळा होता, तो विंडोजमध्येही बराचसा दूर झाला. परंतु तो दूर होत असतानाच दुसरे दोन अडथळे उभे राहिले. त्यांतला एक कराराचा आहे, दुसरा कुलुपाचा.

परवाना कोणाचा?

विंडोज ९५ किंवा ९८ च्या काळात खोक्यावर एक क्रमांक छापलेला असे. तो टाकला की काम भागत असे. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी बाजारात आली आणि तिच्याबरोबर घरगुती ग्राहकाच्या वाट्याला ॲक्टिव्हेशन ही व्यवस्था आली. संगणकातील निरनिराळ्या भागांवरून, म्हणजे प्रोसेसर, डिस्क, नेटवर्कचे कार्ड यांच्यावरून, त्या यंत्राचा एक प्रकारचा ठसा तयार केला जाई आणि तो कंपनीकडे नोंदवला जाई. भाग फार बदलले की ठसा जुळत नसे आणि दूरध्वनी करून आपण चोर नाही हे ग्राहकाला पटवून द्यावे लागे. पुढे २०१२ साली विंडोज ८ बरोबर हा क्रमांक निर्मात्याकडूनच मदरबोर्डावरच्या चिपमध्ये लिहिला जाऊ लागला. पेटीच्या पाठीवर चिकटवलेली ती चिठ्ठी गेली. २०१५ च्या विंडोज १० पासून परवाना ‘डिजिटल’ झाला, म्हणजे ग्राहकाच्या हाती कागदही उरला नाही. यंत्राचा ठसा कंपनीच्या दप्तरी असतो, एवढाच त्याचा पुरावा.

या परवान्यांत दोन जाती आहेत आणि त्यांतला भेद आपल्याकडे दुकानदारही क्वचितच सांगतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला किरकोळ विक्रीचा परवाना एका संगणकावरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. संगणकाबरोबर आलेला परवाना, ज्याला व्यापारात ओईएम म्हणतात, तो मात्र त्याच संगणकाशी जखडलेला असतो आणि त्याच्याबरोबरच मरतो. ‘तोच संगणक’ म्हणजे कोणता? कंपनीच्या मते मदरबोर्ड म्हणजे संगणक. सदोष मदरबोर्ड निर्मात्याने हमीखाली बदलून दिला तर परवाना जिवंत राहतो. मालकाने आपल्या सोयीने निराळा बसवला तर कायद्याच्या दृष्टीने तो नवा संगणक ठरतो. पडदा, पेटी, डिस्क, कळफलक सारे तेच असले तरी फरक पडत नाही. गोठा बदलला म्हणून गाय परकी झाली, असाच हा न्याय आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार समजावून सांगण्यासाठी परदेशी दाखले देण्याची गरज नाही. मुंबई-पुण्याच्या भाडेकरूला ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणजे काय ते पक्के ठाऊक आहे. भाडेकरू आणि परवानाधारक यांच्यातला फरक त्याने पदरमोड करून शिकलेला आहे. आपण दुकानात पूर्ण पैसे मोजून जी विंडोज घेतो ती आपण विकत घेत नसून तिच्यात लीव्ह अँड लायसन्सने राहतो, असे त्या लांबलचक करारात लिहिलेले असते, जो ‘मान्य आहे’ असे बटण दाबून आपण न वाचता स्वीकारतो. इतकेच नव्हे तर आपल्या कायद्याने भाडेकरूला जे संरक्षण दिले तेही येथे नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असा निर्णय दिला की इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. मदरबोर्ड जळला की ओईएम परवान्याची मात्र राखच होते.

आता यातली खरी गंमत पाहण्याजोगी आहे. भारतीय कायद्याच्या दृष्टीने तयार सॉफ्टवेअर ही ‘वस्तू’ आहे की नाही, हा वाद जुना आहे. २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे ठरवले की तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर हा माल आहे आणि त्यावर विक्रीकर लागू होतो. पुढे मार्च २०२१ मध्ये इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर या खटल्याच्या निकालात प्रश्न उलट बाजूने आला. परदेशी कंपन्यांना सॉफ्टवेअरपोटी दिली जाणारी रक्कम हे स्वामित्वशुल्क आहे आणि त्यावर उगमस्थानी प्राप्तिकर कापला पाहिजे, असे आयकर खात्याचे म्हणणे होते. ही कॉपीराइटची देवघेव नसून निव्वळ मालाची विक्री आहे, असे विक्रेत्यांच्या बाजूने मांडण्यात आले आणि न्यायालयाने ते मान्य केले. म्हणजे कर चुकता करण्याच्या प्रसंगी ती विक्री असते. ग्राहक आपली डिस्क दुसऱ्या पेटीत घालू लागतो त्या प्रसंगी मात्र तो केवळ परवाना असतो. एकच वस्तू न्यायालयाच्या दारात माल आणि घराच्या उंबरठ्यावर परवाना, ही दुहेरी भूमिका कोणी कोणाला किती काळ करू द्यायची, हा प्रश्न आपल्या ग्राहक चळवळीने अजून नेटाने विचारलेला नाही.

युरोपात तो विचारला गेला. संगणकापासून वेगळी करून ओईएम प्रत विकणाऱ्या एका व्यापाऱ्याविरुद्ध मायक्रोसॉफ्टने जर्मनीत दावा केला होता. तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २००० मध्ये तो मान्य केला नाही. एकदा प्रत बाजारात कायदेशीरपणे आली की ती पुढे कोणत्या यंत्राबरोबर विकली जाते यावर हुकमत गाजवता येत नाही, असा त्याचा आशय. ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. ठरावीक रक्कम घेऊन अमर्याद मुदतीचा परवाना दिला असेल तर ती विक्रीच होय, मग प्रत खोक्यातून आलेली असो की इंटरनेटवरून उतरवलेली असो. आणि विकत घेतलेला परवाना मालक दुसऱ्याला विकू शकतो. या निर्णयांनी जर्मनीतल्या ग्राहकाचे सारे प्रश्न सुटले असे नव्हे, कारण न्यायालयाने हक्क दिला तरी यंत्राचा ठसा जुळवणारी यंत्रणा कंपनीच्याच हाती आहे. परंतु हक्क कोणाचा हे तरी तेथे ठरले. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात कायदेशीर धारकाला आपल्या प्रोग्रॅमची सुरक्षिततेसाठी प्रत काढण्याची मुभा आहे. पण ती प्रत जळालेल्या यंत्राऐवजी दुसऱ्या यंत्रावर चालवण्याचा हक्क आहे की नाही, याविषयी त्यात सामान्य माणसाला आधार वाटावा असे स्पष्ट शब्द नाहीत.

चोरट्या प्रतींचा मुद्दा येथे पुढे केला जाईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. आपल्या बाजारात ‘टाकून दिलेल्या’ विंडोजपैकी पुष्कळशी बिनपरवाना असते हे उघड गुपित आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला त्याचे मोल मिळाले पाहिजे, याबद्दल शिक्षकी पेशातल्या माणसाने तरी शंका घेऊ नये. परंतु ज्याने एकदा पैसे भरले त्याचा परवाना त्याच्या जळालेल्या मदरबोर्डाबरोबर रद्द करून चोरी थांबते कशी, हे कोडे आहे. उलट, प्रामाणिक ग्राहकाला दुसऱ्यांदा पैसे भरायला सांगितले की तोच त्या दुकानदाराच्या ‘क्रॅक’कडे वळतो. त्या क्रॅकमधून कोणता विषाणू कार्यालयात शिरला, हे कळायला मग पुढचा मार्च उजाडावा लागतो.

अठ्ठेचाळीस अंक

दुसरा अडथळा कुलुपाचा. तो अधिक नवा आहे आणि त्याची झळ यापुढे अधिक लागणार आहे.

विंडोज ११ ची २०२४ सालची आवृत्ती नव्या संगणकावर किंवा नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला, की डिस्कवरचा सर्व मजकूर आपोआप सांकेतिक रूपात कुलूपबंद होतो. पूर्वी ही सोय काही निवडक यंत्रांवर होती, आता ती सर्वसाधारण झाली आहे. कुलपाची नेहमीची चावी टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते; ही चिप मदरबोर्डावर किंवा प्रोसेसरच्याच पोटात असते. डिस्क त्याच यंत्रात असेपर्यंत चावी आपोआप फिरते आणि मालकाला कुलूप असल्याचा पत्ताही लागत नाही. डिस्क दुसऱ्या पेटीत गेली, की टीपीएम परका असल्याने चावी मिळत नाही आणि ४८ अंकी राखीव चावी मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. हे खाते कोणाचे? शाळेच्या संगणकावर ते पुष्कळदा पहिल्या दिवशी घाईघाईत यंत्र लावून देणाऱ्या माणसाच्या ईमेलवर उघडलेले असते, किंवा तीन वर्षांपूर्वी बदली झालेल्या शिक्षकाच्या. चावी नाही तर दप्तर नाही. ते कुलूप तोडण्याची युक्ती दुरुस्तीवाल्यापाशीही नाही, आणि कंपनीही आपल्यापाशी नोंद नसलेली चावी देऊ शकत नाही.

हे कुलूप वाईट आहे, असे कोणी समजू नये. लॅपटॉप बसमध्ये चोरीला गेला तर विद्यार्थ्यांची आणि कर्मचाऱ्यांची खाजगी माहिती चोराच्या हाती पडत नाही, हा लाभ मोठा आहे. कुलूप लावण्याला आक्षेप नाही. घरमालकाला न विचारता कुलूप लावायचे, चावी परगावच्या पेढीत ठेवायची आणि त्याची साधी पावतीही त्याच्या हाती द्यायची नाही, या रीतीला आक्षेप आहे. बँकेचे लॉकर घेताना किल्लीची नोंद दोन सह्यांनी होते. येथे त्याहून मोलाची वस्तू एका बटणाच्या दाबाने बंदिस्त होते.

विंडोजलाच दोष देणे अन्याय्य होईल. ॲपलच्या अलीकडच्या यंत्रांत, विशेषतः नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या लॅपटॉपांत, साठवणूक मदरबोर्डालाच डाखलेली असते आणि तिची चावी मुख्य चिपमध्ये असते. म्हणजे डिस्क काढून दुसऱ्या पेटीत घालण्याचा प्रश्नच तेथे उरत नाही. बोर्ड गेला की सारे गेले, आणि मालकाने आधी प्रत काढून ठेवली असेल तेवढेच त्याचे.

ऑक्टोबरनंतर

या पार्श्वभूमीवर विंडोज १० च्या समाप्तीकडे पाहिले पाहिजे. ही आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली तेव्हा ती विंडोजची शेवटचीच आवृत्ती असेल, असे कंपनीच्या एका प्रतिनिधीने जाहीर सभेत सांगितले होते. सहा वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२१ रोजी, विंडोज ११ आली. तिची अट अशी की यंत्रात टीपीएमची दुसरी आवृत्ती हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. सातव्या पिढीचे प्रोसेसर असलेले संगणक २०१७-१८ साली आपल्या बाजारात सर्रास विकले जात होते. पत्र टंकायला, गुणपत्रक करायला, टपाल पाहायला ते आजही पुरेसे आहेत. यंत्र थकलेले नाही, यादीतून वगळले गेले आहे. कॅनालिस या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तवला होता की यामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील. अंदाज तो अंदाजच. पण त्याची निम्मी संख्या खरी ठरली तरी ई-कचऱ्याच्या नियमांवर भाषणे करणाऱ्यांना विचारात पाडील अशी ती आहे.

कंपनीने एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळण्यासाठी घरगुती ग्राहकाने ३० डॉलर भरावेत, किंवा आपल्या संगणकातील मांडणी कंपनीच्या मेघसाठ्यात नोंदवून ती फुकट घ्यावी, अशी योजना ठरली. कंपनीच्या बक्षीस-गुणांचाही एक मार्ग ठेवण्यात आला. युरोपातील ग्राहक संघटनांनी यावर हरकत घेतली. ग्राहकाने माहिती दिली तरच सुरक्षा, हा सौदा त्यांच्या कायद्यात बसत नाही, असे त्यांनी बजावले. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनी नमली आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांसाठी मेघसाठ्याची अट काढून टाकण्यात आली. खात्याने प्रवेश करण्याची अट तेवढी राहिली. भारतातल्या ग्राहकाला ही सवलत मिळाली नाही. तेच यंत्र, तीच कार्यप्रणाली, तोच दोष आणि तीच दुरुस्ती. फरक एवढाच की तेथे कोणी तरी पत्र लिहिले आणि त्या पत्रामागे कायदा उभा होता.

आपल्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याविषयीचे संकेतस्थळ सुरू झाले. शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही त्यासाठी निवडलेली क्षेत्रे. हेतू स्तुत्य आहे. पण सुटा भाग कोठे मिळेल आणि दुरुस्ती कोणाकडून करावी, येथपर्यंतच हा विचार थांबला, तर आजच्या यंत्रांच्या बाबतीत तो अर्धाच राहील. मदरबोर्ड मिळाला आणि बसलाही, पण परवाना मेला व कुलूप उघडेना, तर त्याला दुरुस्ती कोण म्हणेल? संगणकाच्या पावतीवरच परवाना हस्तांतरणीय आहे की नाही हे ग्राहकाच्या भाषेत छापले पाहिजे. सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळणार हे विक्रीच्या वेळीच सांगितले पाहिजे. आणि मालक तोच असेल तर मदरबोर्ड बदलल्यावरही त्याचा परवाना चालू राहिला पाहिजे, मग तो मदरबोर्ड कोणाकडूनही घेतलेला असो. या तिन्ही मागण्यांसाठी कोणत्याही कंपनीला नवे तंत्र शोधावे लागणार नाही.

मग लिनक्सकडे का जाऊ नये, असे तरुण वाचक विचारतील. अवश्य जावे, सातव्या पिढीच्या त्या वगळलेल्या संगणकांना तो उत्तम आश्रय आहे. केरळने आपल्या शाळांतून मुक्त कार्यप्रणाली रुजवली आणि तेथील ‘काइट’ ही सरकारी संस्था शाळांसाठी तिची स्वतःची आवृत्ती तयार करते. आपल्याच सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स आवृत्ती काढली. तिचे पुढे महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत किती चीज झाले, हे वाचकांनीच आपापल्या टेबलांकडे पाहून ठरवावे. मात्र उत्साहाच्या भरात म्युनिकचे उदाहरण विसरू नये. त्या नगरपालिकेने २००३ साली लिनक्सचा निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे १५ हजार संगणक तिकडे नेले आणि २०१७ साली परत विंडोजकडे वळण्याचे ठरवले. दुसरीकडे जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये ३० हजार सरकारी संगणक प्रथम लिबरऑफिसवर आणि पुढे लिनक्सवर नेण्याचे ठरवले. यंत्रे बदलणे सोपे असते. कारकुनांचे हात, जुने नमुने आणि वरिष्ठांच्या सवयी बदलणे अवघड असते.

मराठी कचेऱ्यांपुढे तर आणखी एक अडचण आहे, जिची चर्चा इंग्रजी नियतकालिकांत कधीच होणार नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीचे टंकन निरनिराळ्या खाजगी फॉन्टांत होत असे. त्या फॉन्टांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की ठरावांच्या नकला आणि सेवापुस्तकांचे उतारे यांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास दिसते. यांतली काही मराठी पॅकेजे संगणकाच्या पाठीमागे लावायच्या एका छोट्या ‘लॉक’सह येत, तो लॉक हरवला, किंवा नव्या संगणकाला तो लावायची जुनी जागाच नसली, की पॅकेज चालत नाही. नव्या विंडोजवर जावे की लिनक्सवर, हा वाद घालण्यापूर्वी या फायली युनिकोडमध्ये उतरवून घेतल्या नाहीत, तर डिस्क शाबूत, दप्तर शाबूत आणि तरीही एक अक्षर वाचता येत नाही, अशी अवस्था होईल. अनेक ठिकाणी ती झालीही आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेचा मजकूर जिथे वाचता येत नाही तिथे भूसंपादनाच्या नोंदींचे काय होत असेल, याची कल्पना करवत नाही.

एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घेतलेल्या आपल्या लक्षावधी नोकरदारांना पत्र कसे टंकावे हे शिकवले गेले, पण परवाना, प्रत आणि चावी या तीन गोष्टी आपल्या नावावर आहेत की नाहीत हे कसे पाहावे, ते क्वचितच कोणी सांगितले. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचे पान असते. परवाना खात्याशी जोडलेला आहे की नाही ते तेथे दिसते. जोडलेला असेल आणि तो हलवण्याजोग्या जातीचा असेल, तर यंत्राचे भाग बदलल्यावर ट्रबलशूटरच्या साह्याने तो पुन्हा जागा करता येतो. ही सोय २०१६ पासून आहे. डिस्कच्या कुलपाची स्थितीही सेटिंग्जमध्ये दिसते, आणि ४८ अंकी चावी खात्यातून पाहून कागदावर उतरवता येते. हे काम संगणक धडधाकट असतानाच करायचे आहे.

प्रत्येक शाळेत आणि कचेरीत डेडस्टॉक रजिस्टर असते. त्यात खुर्च्या, घंटा, नकाशे यांच्याबरोबर संगणकाचीही नोंद असते : खरेदीची तारीख, किंमत, अनुक्रमांक, शेरा. त्या शेऱ्याच्या रकान्यात परवान्याची जात आणि खाते कोणाच्या नावे आहे हे लिहावे, आणि चावीचे अंक लखोट्यात बंद करून मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवावेत. बदली झालेल्या शिक्षकाने कार्यभार सोपवताना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर त्या लखोट्याचीही पोच घ्यावी. यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही; येत्या मार्चपूर्वी, विजेचा दाब पुन्हा वाढण्याआधी, हे एका दुपारचे काम आहे.